एझ्राला कोणी विचारलं का

नोआ इस्रायलहून घरी आला, तेव्हा त्याच्या सामानात आईसाठी मधुमेहाच्या गोळ्या होत्या, बहिणीसाठी लोकरीचा कोट होता आणि मामासाठी कानाला लावायचं यंत्र होतं. पेणला कोट घालण्याइतकी थंडी कधी पडत नाही. तामारने तो अंगावर चढवून आरशात पाहिलं आणि घडी करून ठेवून दिला.

"तिथं लागेल," नोआ म्हणाला.

तो कशासाठी आला आहे हे त्याच्या आईला, ज्युडिथला, तेव्हाच कळलं.

१९९५ सालचा जानेवारी होता. ज्युडिथ वाक्रूळकर नुकतीच शाळेतून निवृत्त झाली होती. पेणहून गाडीने जाऊन-येऊन तिने जन्मभर रोह्याच्या प्राथमिक शाळेत शिकवलं. नवरा सामाजी धाटावच्या एका कंपनीत होता. तो वारल्याला बरीच वर्षं झाली होती. घरात आता ती, लग्नाची मुलगी तामार आणि ज्युडिथचा धाकटा भाऊ एझ्रा. एझ्रा जन्मापासून बहिरा, आणि म्हणून मुका. आईवडील लवकर गेले. सामाजीशी लग्न ठरलं तेव्हा ज्युडिथने एकच अट घातली होती, की भाऊ माझ्याबरोबर येईल. सामाजीने ती हसत मान्य केली होती आणि शेवटपर्यंत पाळली होती.

एझ्रा खाडीकाठच्या मिठागरावर कामाला जाई. पावसाळ्यात मिठागर बंद असलं की हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायला जाई. ज्यू धर्मात मूर्ती वर्ज्य, त्यामुळे मामा मूर्तींच्या कारखान्यात काम करतो, हे नोआने तिकडच्या सासुरवाडीत अजून सांगितलेलं नव्हतं.

नोआने यंत्र मामाच्या कानाला लावलं आणि बटण फिरवलं. एझ्रा दचकून उठला, त्याने भिंतीकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं. मग हलकेच यंत्र काढून भाच्याच्या हातात दिलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आणलंस हे चांगलं केलंस, असं त्याचं म्हणणं होतं.

रात्रीच्या जेवणाला नारळाच्या दुधातली सुरमईची आमटी होती. एझ्रा जेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसला आणि नोआने विषय काढला.

"आई, किती दिवस असं? आपलं कोण राहिलंय इथं?"

ते खोटं नव्हतं. ज्युडिथच्या लहानपणी आळीत सगळी इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, घरं होती. शनिवारी कुणाच्या चुली पेटत नसत. मग एकेक कुटुंब गेलं. आता सणाला पेणची माणसं रोह्याला जात किंवा रोह्याची पेणला येत, तेव्हा कुठे प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष भरत. एखाद्या वेळी भरतही नसत.

"तामारचं लग्न कुणाशी करणार? ठाण्या-मुंबईची मुलंसुद्धा तिकडंच निघालीत. तुझी शुगर कधी वर कधी खाली. तिथं दवाखाना घराखाली आहे. आणि आता नातू येतोय तुझा."

"आणि ती लढाई?" ज्युडिथ म्हणाली. आखातातल्या लढाईच्या वेळी नोआ विषारी वायूच्या भीतीने तोंडाला मुखवटा बांधून बंद खोलीत बसायचा, आणि ती इथे रेडिओला कान लावून. त्या दिवसांत तिला अन्न गेलं नव्हतं.

"इथल्या हायवेवर कमी माणसं मरतात का?" नोआ म्हणाला. "मामाला टेंपोने उडवला, ते पत्रात लिहिलं नाहीस तू. तामारने लिहिलं."

ज्युडिथ ताटं गोळा करू लागली. गेल्या पावसाळ्यात हायवेवर गडब गावाजवळ मागून आलेला टेंपो एझ्राला ऐकू आला नव्हता. पाय वाचला, पण तेव्हापासून तो किंचित लंगडत चाले.

नोआने आवाज खाली आणला. वास्तविक त्याची गरज नव्हती. "तिथं बहिऱ्या माणसांसाठी शाळा आहेत. मोठ्या माणसांनाही शिकवतात. सरकार पेन्शन देतं. मी चौकशी करून आलोय. तू उद्या गेलीस तर मामाचं कोण बघणार, सांग मला."

हा एक प्रश्न तिने नेहमी टाळला होता. बाकीच्या सगळ्या गोष्टी तिने कितीदा मनात इकडून तिकडे ठेवून पाहिल्या होत्या. इकडे सामाजीचं थडगं, शिकवलेली मुलं, बाजारात दिसलं की पायाला हात लावणाऱ्या त्यांच्या आया, आपली भाषा. तिकडे मुलगा, सून, येणारं मूल, आणि शनिवारी माणसांनी भरलेलं प्रार्थनामंदिर. कधी हे जड वाटे, कधी ते. आणि दर वेळी ती शेवटी स्वतःला सांगे, एझ्राला सोडून जाता येत नाही आणि नेता येत नाही, म्हणून आपण इथे आहोत. हे एकदा म्हटलं की पुढचा विचार करावा लागत नसे.

"मी पुंडलिकभाऊंशी बोलते," ती म्हणाली.

पुंडलिक म्हात्रे मिठागरावरचा मुकादम. त्यानेच एझ्राला पोरसवदा असताना कामाला लावलं होतं. तो कितीदा घरी आला होता, पण ज्युडिथ मिठागरावर कधी गेली नव्हती. शाळा, गाडी, घर यांतून सवड नव्हती, आणि बाईमाणसाने तिकडे जायचं कारणही पडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती रिक्षा करून गेली. रस्ता संपला तिथे उतरून बांधावरून चालू लागली. दोन्ही बाजूंना पाण्याची चौकोनी खाचरं, कडेला पांढरे ढीग, आणि खाडीवरून येणारा वारा असा की पदर धरून ठेवावा लागत होता. पुंडलिक बांधावर उभा होता. ती त्याच्याशी बोलू लागली तर शब्द तोंडातून निघताच वारा घेऊन जाई.

"बाई, हिकडं या," म्हणत त्याने तिला गवती खोपीच्या आडोशाला नेलं.

तिथून तिला सगळं मिठागर दिसत होतं. पलीकडच्या टोकाला दोन बाया टोपल्या घेऊन थांबल्या होत्या. अलीकडच्या एका गड्याने हात वर केला, मूठ उघडली, मनगट दोनदा फिरवलं. बायांपैकी एकीने छातीवर तळवा आपटून उत्तर दिलं आणि दोघी दुसऱ्या खाचराकडे वळल्या. एझ्रा तिथे नव्हताच. तो पार दुसरीकडे पाठमोरा फावडं ओढत होता.

"ते काय बोलले?" तिने विचारलं.

"तिकडचं मीठ अजून वलं हाय, म्होरलं उचला," पुंडलिक म्हणाला. "ही एझ्राची बोली. हितं वाऱ्यात कोनाचा आवाज कोनाला पोचतो? आदी आमी बोंबलून घसे फोडायचो. मंग त्याचं बगून बगून सगलेच शिकले. आता नवीन गडी आला का पयलं हेच शिकवतो."

ज्युडिथ पाहत राहिली. घरी एझ्राच्या खुणा थोड्याच होत्या. भूक, झोप, बाजार, दुखतंय, कोण आलं. तिच्यासाठी तो हवेत खडूने लिहिल्यासारखं बोट फिरवी, पुंडलिकसाठी मिशीला पीळ देई. एवढ्यात त्यांचं भागत असे, आणि जगाला त्याचं म्हणणं सांगणारी आपण एकटी आहोत असं तिला वाटत आलं होतं. इथे तिच्यासमोर तीन माणसं त्याच्या भाषेत काहीतरी बोलून हसली, आणि कशाला हसली ते तिला कळलं नाही.

ती नोआचं सगळं बोलणं पुंडलिकला सांगून गेली. तो ऐकत राहिला.

"तिकडं चांगलंच आसल," तो शेवटी म्हणाला. "मी नाय म्हननार नाय. पन एझ्राला कोनी इचारलं का?"

कोणी विचारलं नव्हतं. कसं विचारावं हेही तिला ठाऊक नव्हतं.

शनिवारी सकाळी प्रार्थना झाल्यावर चौघं ओट्यावर बसली. ज्युडिथने नोआकडे बोट दाखवलं, हात पसरून विमान केलं, मग स्वतःकडे, तामारकडे आणि एझ्राकडे खूण केली. एझ्रा हसला. त्याने गाल तळव्यावर टेकवून बोटं उघडली. किती रात्री?

तिने नाही म्हणून मान हलवली. मग तळवा खाडीच्या दिशेने उडवला. गेलेल्या माणसासाठी एझ्राची ही एकच खूण होती. सामाजीसाठी तीच होती, आणि ट्रंका घेऊन गाडीत बसलेल्या आळीतल्या सगळ्यांसाठीही तीच. त्याच्या लेखी दोन्ही प्रकारची माणसं परत आलेली नव्हती. आता ज्युडिथने ती स्वतःसाठी केली.

एझ्राचं हसू मावळलं. मग त्याने हवेत खडू फिरवला, तामारकडे बोट केलं, तळवा उडवला. आणि स्वतःच्या पायाखालच्या जमिनीवर दोन बोटं टेकवली.

"त्याला नीट समजलेलं नाही," नोआ म्हणाला.

"हो, नसेल समजलं," ज्युडिथ म्हणाली. त्याला समजलं आहे हे तिला माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात मुंबईला जायचं ठरलं होतं. तिकडे जाणाऱ्यांची कागदपत्रं बघणाऱ्या कचेरीत नोआने वेळ घेतली होती. एझ्रा ठेवणीतला सदरा घालून आला. पेणच्या स्टँडवर कंडक्टरने त्याला पाहून हाताने 'मीठ कसं?' असं विचारलं आणि त्याने 'उत्तम' असं सांगितलं. मुंबईत उतरल्यावर मात्र तो ज्युडिथच्या मागे मागे चालू लागला. चहावाल्याला त्याने हाताने कमी साखरेचा चहा सांगितला, तर तो माणूस त्याच्याकडे न बघता नोआला म्हणाला, "यांना काय पाहिजे?" एझ्राने हात खिशात घातले आणि पुढे कुठे बाहेर काढले नाहीत.

कचेरीत ठाण्याचे एक वयस्क इस्रायली गृहस्थ होते. त्यांनी कागद पाहिले, नोआला दोन प्रश्न विचारले, तामारची चौकशी केली. मग चष्मा काढून एझ्राकडे वळले.

"बाई, यांना सगळं समजावून सांगितलंय ना? मी प्रत्येकाला स्वतंत्र विचारतो. कुणाला ओढून न्यायचं नाही असा माझा नियम आहे. यांची इच्छा काय आहे, एवढं विचारून मला सांगा."

ज्युडिथने विचारलं. विमान, समुद्र, तू.

एझ्राने खिशातून हात काढले. त्याने मिशीला पीळ दिला, वारा दाखवला, मिठागरावरची पुष्कळ माणसं दाखवली आणि सगळ्यांचे हात भराभर हलवले. मग समुद्रापलीकडे बोट केलं. आपली दोन्ही मनगटं एकमेकांवर ठेवली, बांधल्यासारखी, आणि हात गुडघ्यांत दाबून मान खाली घालून बसला.

गृहस्थ थांबले होते. नोआ आईकडे झुकला.

"आई, हो म्हणाला म्हणून सांग. तिथं गेल्यावर हळूहळू रुळेल. मी बघतो ना."

हो किंवा नको, काहीही ती सांगू शकत होती. त्या गृहस्थांना त्याची भाषा येत नव्हती आणि घरचं कोणी तिला खोडून काढणार नव्हतं. मिठागरावर चारचौघांनी तिची चूक दुरुस्त केली असती, इथे तो केवळ तिच्या तोंडावर अवलंबून होता.

"तो नको म्हणतोय," ज्युडिथ म्हणाली. "तिथं त्याचे हात बांधल्यासारखे होतील म्हणतोय. इथं सगळे त्याच्याशी बोलतात."

गृहस्थांनी मान डोलावली आणि एझ्राचा कागद बाजूला ठेवला. "आणि बाई, तुम्ही?"

"मी कळवते," ती म्हणाली.

परतीच्या एसटीत एझ्रा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला. नोआ खिडकीबाहेर बघत होता.

घरी आल्यावर ज्युडिथला कितीतरी दिवस चैन पडेना. एझ्रासाठी आपण इथे राहिलो, हे वाक्य आता म्हणता येत नव्हतं. तो तिच्यासाठी थांबलेला नव्हता आणि तिच्यावाचून अडूनही बसणार नव्हता. मग आपल्याला काय हवंय? हा प्रश्न तिला आयुष्यात कोणी विचारला नव्हता, तिने स्वतःलाही नाही. उत्तर आलं तेव्हा तिला त्याची लाज वाटली.

तांदूळ निवडताना ती तामारला म्हणाली, "मला जायचंय गं."

तामारने सूप खाली ठेवलं.

"मला नातवाला मांडीवर घ्यायचंय. शनिवारी माझ्या शेजारी बायका बसलेल्या हव्यात, आमेन म्हणायला. इथं शेवटची म्हणून उरायची मला भीती वाटते. एझ्राचं नाव पुढं करत होते इतके दिवस."

तामार आईच्या जवळ सरकून बसली. "मग त्याला सांग. जसं मला सांगितलंस तसं."

तिने सांगितलं, जमेल तसं. एझ्राने ऐकून घेतलं, म्हणजे पाहून घेतलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्या भावाने ठेवावा तसा. तो तिच्यापेक्षा लहान होता.

त्याच्या राहण्याचं बोलायला ती पुंडलिकच्या घरी गेली. पुंडलिक म्हणाला, "आमचे घरात राहील. त्यात इचारायचं काय?" पण त्याची बायको हौसा अशा बोलण्याने समाधान मानणारी नव्हती. तिने पाट दिला आणि समोर बसून एकेक विचारायला सुरुवात केली.

"शनवारचा तो कामाला येत नाय, ता ठाव हाय आमाला. कोलंबी, चिंबोरी खात नाय, आमी कंदी वाडली नाय. पन बाई, आजारी पडला तर तुमाला कलवायचं कसं? आनि उद्या काय बरंवाईट झालं, तर त्याला ठेवायचं कुठं? आमी जालतो. तुमचा रिवाज आमाला नाय ठाव."

"अगो, काय बोलतेस?" पुंडलिक म्हणाला.

"बोलू द्या त्यांना," ज्युडिथ म्हणाली. "बरोबर बोलतायत."

तिने सगळं नीट सांगितलं. रोह्याला राहिलेल्या दोन कुटुंबांना भेटून आली. एझ्रासाठी सामाजीच्या थडग्याशेजारची जागा ठरवली. स्वतःसाठी मनात धरलेली जागा ती होती. पेणमधल्या तिच्या एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आता डॉक्टर होता, महिन्यातून एकदा एझ्राला तपासायचं कबूल केलं. एवढं सगळं झाल्यावर तिला बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

ऑक्टोबरात सण आटोपले आणि त्या दोघी निघाल्या. नोआ आधीच परत गेला होता. त्याला मुलगा झाला होता. जीप दारात आली तेव्हा एझ्राने ट्रंका उचलून ठेवल्या, दोरी दोनदा ओढून पाहिली. विमानतळावर तो आला नाही. मिठागरावर बांध दुरुस्त करायचं काम सुरू झालं होतं. त्याने तामारच्या गालाला हात लावला. ज्युडिथसमोर उभा राहिला, तेव्हा दोघांनाही हात उचलवेनात. जीप कोपऱ्यावर वळेपर्यंत तो रस्त्याच्या मधोमध उभा होता आणि पुंडलिकने त्याचा दंड धरला होता, कारण मागून गाडी आली असती तर त्याला कळलं नसतं.

इस्रायलच्या अश्दोद शहरातलं नोआचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. नातू गोरा, हट्टी आणि गोड होता. शनिवारी शेजारी बायका बसत, आणि त्यांतल्या पुष्कळजणी मराठीत बोलत. तामार दवाखान्यात काम शिकू लागली. ज्युडिथला तिथलं जे हवं होतं ते मिळालं, हे ती कधी नाकारत नसे. पण दर आठवड्याला पुंडलिकच्या गावातल्या एसटीडी बूथवर फोन लावून ती विचारी, "एझ्रा कसा आहे?" आणि पुंडलिक ओरडून सांगे, "बरा हाय." तेवढंच. एझ्रा तिथेच उभा असायचा आणि फोनच्या तारेतून त्याला काही पोचवता येत नसे. इतकी वर्षं एका घरात काढली आणि आता भावाशी एक शब्द बोलायचा उपाय नाही, हे तिने जाण्याआधीच्या सगळ्या विचारात कुठेही धरलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी तामारने उपाय काढला. नोआच्या मित्राकडून व्हिडिओ कॅमेरा आणला, आईला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "बोल मामाशी."

ज्युडिथ नातवाला दाखवत, समुद्र दाखवत, हातांनी बोलत राहिली. बऱ्याच दिवसांनी हात हलवताना तिच्या लक्षात आलं, की इथे ती कुणाशीच असं बोलली नव्हती. कॅसेट ठाण्याला जाणाऱ्या एका कुटुंबाबरोबर पाठवली. पुंडलिकचा मुलगा अमोल याने व्हिडिओ भाड्याने आणला. पुंडलिकने फोनवर सांगितलं, की मिठागरावरचे सगळे जमले होते, एझ्राने कॅसेट पुन्हा पुन्हा लावायला लावली आणि दर वेळी टीव्हीला उत्तरं दिली.

"काय उत्तरं दिली?" ज्युडिथने विचारलं.

"ता तुमीच बगा. अमोल शूटिंगवाल्याला घेऊन गेलाय मिठागरावर."

उत्तराची कॅसेट उन्हाळ्याच्या तोंडाशी आली. नोआ, सून, तामार सगळे बसले. पडद्यावर लग्नाच्या शूटिंगसारखी गुलाबी फुलांची चौकट आली, आणि मग पांढरं मिठागर. एझ्राचे केस पिकले होते. तो थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलू लागला. डॉक्टर, पाय, हौसाच्या हातचं जेवण, रोह्याला सणाला जाऊन आलो. ज्युडिथ मोठ्याने सांगत गेली आणि बाकीचे ऐकत राहिले. मधे मधे तिला कळेनासं होई, तेव्हा ती गप्प बसे आणि तो मात्र बोलत राही.

बोलणं संपलं, पण शूटिंगवाल्याने कॅमेरा बंद केला नव्हता. एझ्रा त्याच्याकडे बघत थोडा थांबला. कुणीतरी लांबून त्याला काही खूण केली असावी, कारण त्याने तिकडे पाहून छातीवर तळवा आपटला, फावडं उचललं आणि किंचित लंगडत बांधावरून निघून गेला. पडद्यावर नुसता वाऱ्याचा आवाज राहिला. नातवाने विचारलं, आजोबा कुठे गेले.

"कामाला गेले," ज्युडिथ म्हणाली.